अर्ध्या चौकोनातलं घर

पद्मजा दंडे शाईची रेघ ओढायला लागली की श्वास धरायची आणि रेघ संपली की सोडायची. नदीची किंवा रस्त्याची लांबलचक रेघ असली तर मधे कुठे श्वास घ्यायचा ते आधीच ठरवायची, गाणाऱ्या बाईसारखं. कचेरीतल्या पुरुषांना हे कळलं तेव्हा ते नेमक्या त्याच वेळी तिला हाका मारायला लागले. ती उत्तर द्यायची नाही. रेघ संपल्यावर मान वर करून, "काय म्हणत होतात?" असं इतक्या शांतपणे विचारायची, की विचारणाऱ्याला आपण काय म्हणत होतो तेच आठवायचं नाही.

महाराष्ट्र होऊन चारपाच वर्षं झाली होती. सातपुड्याच्या पायथ्याला तलावांची कामं निघत होती, आणि अशाच एका तलावापुरती जळगाव जामोदला बसस्टँडच्या मागे दोन खोल्यांची कचेरी उघडली होती. पद्मजा तिथे ट्रेसर. पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कापडाखाली पसरायचा आणि वरून काळ्या शाईनं गिरवायचा, हे तिचं काम. तिचे वडील, शरच्चंद्र मास्तर, गावातल्या शाळेत चित्रकला शिकवत. ते गेले तेव्हा घरात त्यांचे टाक राहिले आणि ते धरायला हिचा हात. आईला मुलीनं पुरुषांच्या कचेरीत बसणं पसंत नव्हतं. "लोक काय..." एवढं म्हणून ती थांबायची आणि डबा भरून द्यायची.

त्या वर्षी कचेरीत वडझिरीचा नकाशा होता. वडझिरी म्हणजे सोनाळ्याच्या वर, डोंगराच्या कुशीत बसलेलं गाव. तलाव भरला की गावाचा खालचा भाग पाण्यात जाणार होता. पाणी कुठवर येईल त्याची रेघ पद्मजानंच शाईनं गिरवली होती. डोंगराच्या प्रत्येक घडीत शिरणारी, प्रत्येक टेकाडाला वळसा घालणारी ती रेघ तिला फार आवडायची. पण नुसत्या रेघेवरून तलाव केवढा ते कळत नाही. त्यासाठी चौकोन आखलेली एक काच होती. ती नकाशावर ठेवायची. जे चौकोन पुरते रेघेच्या आत, ते निळ्या पेन्सिलीनं रंगवायचे. जे पुरते बाहेर, ते कोरे. आणि ज्यांना रेघ मधूनच कापून जाते त्यांचं असं, की अर्ध्याहून जास्त चौकोन पाण्यात असेल तर निळा, कमी असेल तर कोरा.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा तिला वाईट वाटलं होतं. एवढी वळणावळणाची रेघ, आणि निळा रंग भरून झाल्यावर तिच्या जागी नुसत्या पायऱ्या दिसायला लागल्या. ओव्हरसियर रमाकांत खामगावचा, बोलका माणूस. त्यानं तिची समजूत घातली. कुठे थोडं जास्त धरलं जातं, कुठे थोडं सुटतं, पण सगळे चौकोन मिळून बेरीज जवळपास खरी येते. "पाण्याला काय कळतंय, पद्मजाबाई," तो म्हणाला.

पाण्यापुरतं ते खरंच होतं. चूक झाली ती पुढे. गावातली कोणती घरं, थोडी का होईना, बुडणार ते ताबडतोब कळवा, असं वरून आलं. घाई होती. निळे चौकोन तयारच होते. त्यांच्याखाली गावाचा नकाशा सरकवला आणि निळ्या चौकोनात जे घर येईल त्याचं नाव लिहिलं. पद्मजानंच लिहिलं, आपल्या वळणदार अक्षरात. त्यात काही चुकतंय असं कोणाच्या मनातही आलं नाही. यादी वडझिरीच्या चावडीवर वाचून दाखवली गेली. ज्यांचं नाव त्यांना सडकेजवळच्या नव्या गावठाणात जागा. ज्यांचं नाही, त्यांचं घर वाचलं.

आणि मग एक दिवस सकाळच्या बसनं सत्यभामाबाई आल्या.

वहाणा दाराबाहेर काढून म्हातारी सरळ आत आली आणि खोलीच्या मधोमध जमिनीवर बसली. काळीसावळी, उंच बाई, कपाळ मोकळं, लुगड्याचा पदर कानामागे खोचलेला. रमाकांतनं अर्ज आणलाय का विचारलं.

"अर्ज नाई आनला," ती म्हणाली. "मले बुडवा."

पलीकडच्या खोलीत कोणीतरी हसलं. पद्मजाचा श्वास रेघेच्या अर्ध्यावर सुटला आणि तिनं टाक उचलला.

रमाकांतला वाटलं, म्हातारीचा काहीतरी गैरसमज झालाय. त्यानं नाव विचारलं, यादी पाहिली आणि आनंदानं सांगितलं की आजी, तुमचं नाव यात नाही, म्हणजे तुमचं घर राहिलं.

"तेच तं म्हनून राह्यली मी. काऊन राह्यलं? रुख्मीचं बुडते अन् माहं राह्यते, हे कसं?"

मग तिनं सगळं सांगितलं. घाई न करता, पाणी मागून घेऊन, मधेच रमाकांतच्या आईची चौकशी करून. रुख्मी म्हणजे रुख्मिणी, तिची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. त्यांची वाटणी झाली तेव्हा सासूनं मधे भिंत घालून एका घराची दोन करून दिली. भाऊ एकामागून एक गेले. सत्यभामाबाईंचा मुलगा अकोल्याला गिरणीत लागला आणि तिकडचाच झाला. रुख्मिणीला मूलबाळ नाही, आणि आता काही वर्षांपासून डोळेही नाहीत. भिंतीत चुलीच्या उंचीवर एक भोक ठेवलेलं आहे, पूर्वी विस्तव द्यायला-घ्यायला होतं. त्यातून आता ही तिला भाकर देते, ती हिला निवडलेली डाळ देते, आणि दिवसभर त्यातून बोलणं चालतं.

रमाकांतनं एक साधी गोष्ट सुचवली. रुख्मिणीबाईंना जागा मिळतेच आहे, तर तुम्ही त्यांच्याकडे जाऊन राहा.

म्हातारीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या लहान मुलानं भलतंच काही विचारलं असावं.

"एका छपराखाली? मी अन् ते? सासूनं कायले देल्या मंग दोन चुली मांडून? ते भाजीत गूळ टाकते, बाप्पा. एक दिवस नाई जमनार. भिंत हाय म्हनून तं जमते आमचं."

पद्मजा उठली. तिनं नकाशा आणला, म्हातारीजवळ जमिनीवर पसरला, त्यावर काच ठेवली आणि बोटानं दाखवायला लागली. हा तुमचा नाला, ही चावडी, ही तुमची दोन घरं. ही पाण्याची रेघ. रुख्मिणीबाईंचं घर या चौकोनात, यातला बराचसा भाग पाण्यात जातो. तुमचं घर शेजारच्या चौकोनात, त्यातला अर्ध्याहून कमी.

सत्यभामाबाईंनी काचेवर बोट टेकवलं. "म्हंजे अर्ध्याहून कमी बुडलं तं कोरडं."

"हो."

"अन् अर्ध्याहून जास्त बुडलं तं सगळंच बुडलं."

"हिशेबात तसं धरतात, आजी. कोणाचं थोडं जास्त, कोणाचं थोडं कमी. शेवटी सगळ्याची बेरीज बरोबर येते."

"बेरीज कोनाची व माय?"

म्हातारीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग जणू तिचीच समजूत घालायची म्हणून आवाज उतरवून म्हणाली, "सारं गाव जाऊन राह्यलं. मी एकली पान्याच्या काठी बसू का मगरीवानी? अन् तिकडं तिले भाकर कोन देईन? तूच सांग." मग तिनं काचेवरचं आपल्या बोटाचं पुसट वर्तुळ पदरानं पुसलं, बस निघून जाईल म्हणाली आणि वहाणा घालून गेली.

दुपारी पद्मजा जेवली नाही. तिनं एका पातळ कागदावर अगदी बारीक चौकोन आखले, काचेवरच्या एका चौकोनात भरपूर बसतील असे, आणि तो कागद त्या दोन घरांवर ठेवला. आता चित्र वेगळं दिसायला लागलं. सत्यभामाबाईंच्या घराचे काही चौकोन आत आले, काही बाहेर राहिले, काही पुन्हा कापले गेले. कापलेल्या चौकोनांचे तिनं आणखी बारीक तुकडे केले. डोळ्याला भिंग लावलं. पण एका जागी येऊन सगळं थांबलं. चौकोन इतके बारीक झाले की पाण्याची रेघच त्यांच्याहून जाड दिसायला लागली. भिंगाखाली ती रेघ राहिलीच नव्हती, काळा पट्टा झाला होता, आणि दोन घरांमधली भिंत त्या पट्ट्यात कुठेतरी गडप होती.

तिनं रमाकांतला बोलावून विचारलं, नकाशावरची ही रेघ जमिनीवर केवढी रुंद होते.

त्यानं मनातल्या मनात आकडे जुळवले. "अंगणाएवढी," तो म्हणाला, आणि मग स्वतःच चपापला.

"आणि ती नेमकी इथूनच जाते, हे कशावरून?"

ते त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. गावात दोनचार ठिकाणी उंची मोजली होती, त्या खुणा नकाशावर टिपल्या होत्या. मधली रेघ अंदाजानं जोडलेली. सगळीकडे तसंच करतात. पद्मजानं मान हलवली. अंदाज त्याचा आणि शाई तिची.

कचेरीचे मुख्य वामनरावसाहेब. पोक्त, मितभाषी, डोक्याला तेल लावून भांग पाडणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जागेवर जाऊन मोजायला रमाकांतला परवानगी दिली. ट्रेसरनं जायचं काही कारण नाही, असंही म्हणाले.

"रेघ मी ओढली आहे, साहेब," पद्मजा म्हणाली.

त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. "जोडे घालून जा. बोरीचे काटे आहेत तिकडे."

सोनाळ्यापर्यंत बस आणि पुढे वडझिरीचा कोतवाल कडूबा बैलगाडी घेऊन आला होता. पळस फुलले होते. गाडीच्या धक्क्यांनी यंत्राला काही होऊ नये म्हणून रमाकांतनं ते मांडीवर घेतलं होतं, तान्हं मूल घ्यावं तसं, आणि कडूबा मागे वळून वळून त्याला त्यावरून चिडवत होता. लग्नाआधीच सवय होऊन राह्यली साहेबाले, म्हणाला. रमाकांत लाजला आणि पद्मजा पळसाकडे पाहत राहिली.

गावात यंत्र तिपाईवर उभं राहिलं तेव्हा अर्धं गाव जमा झालं. रमाकांत यंत्रातून पाहणार आणि कडूबा आकडे रंगवलेली उंच पट्टी जागोजागी उभी धरणार. पाणी जिथवर येईल तिथे चुन्याची चिमूट टाकायची. चिमटीला चिमूट जोडत पाण्याची खरी रेघ जमिनीवर उतरायला लागली. ती नकाशातल्यासारखी डौलदार मुळीच नव्हती. उकिरड्याला बगल देऊन, एका गोठ्याच्या दावणीखालून, कोणाच्या तुळशीला जेमतेम सोडून ती वर सरकत होती. सत्यभामाबाई कडूबाच्या मागे मागे.

"पट्टी जराशी वर उचल ना, कडूबा," ती हळूच म्हणाली.

"उचलली तं तुहं घर आनखी कोरडं होते, माय. उलटं राह्यते हे."

"मंग दाब खाली. कायले उभा हायेस नुसता?"

रमाकांतनं यंत्रामागून ओरडून सांगितलं की पट्टीला कोणी हात लावायचा नाही. लोक हसले. म्हातारी हसली नाही. तिची नजर चुन्यावर होती. रेघ वळून दुसरीकडे जायला लागली की तिचा चेहरा पडायचा, घराच्या दिशेनं आली की ती एक पाऊल पुढे टाकायची.

पद्मजा तिथे फार वेळ उभी राहू शकली नाही. ती रुख्मिणीबाईंच्या घरात गेली. आत अंधार आणि शेणामातीचा गारवा. सुपात तुरीची डाळ घेऊन एक इवलीशी म्हातारी बसली होती, आणि तिची बोटं डाळीतून खडे असे वेचत होती, की डोळ्यांची काही गरजच नसावी.

"कोन आलं?" तिनं विचारलं.

पद्मजानं नाव सांगितलं. म्हातारीनं हात पुढे केला, तिचा हात धरला, आणि मधल्या बोटावर टाकानं पडलेला घट्टा चाचपून पाहिला. "लिवनारी हायेस. आमाले बुडवनारी तूच का व?"

"मीच," पद्मजा म्हणाली.

"बस मंग. चहा गुळाचा पेतं का?"

चूल फुंकताफुंकता ती बोलत राहिली. नव्या जागेची तिला भीती वाटत नव्हती. इथे कोपरा न् कोपरा हाताला ठाऊक आहे, तिथलाही होईल. एकाच गोष्टीचं वाटायचं. एवढ्यात वर काहीतरी करकरलं. लाकडावर दोरी घासल्यासारखा आवाज. रुख्मिणीबाई बोलता बोलता थांबल्या आणि त्यांचा चेहरा निवळला.

"बाई घरात आल्या," त्या म्हणाल्या. थोरल्या जावेला त्या बाईच म्हणत. "ताक काढून राह्यल्या शिंक्यातलं. मापवाल्याइले देत असतीन."

"तुम्हाला कसं कळलं?"

"शिंकं वरच्या लाकडाले बांधेल हाय ना त्याइचं. तिकडं दोरी हालली का इकडं करकरते. दिस उगवला अन् करकरलं नाई, तं मी हाक मारते. रातच्याले करकरलं तं समजते का बाईले झोप नाई. मले इथं दिसत नाई, पन ते लाकूड सारं सांगते."

पद्मजानं मान वर केली. डोळे अंधाराला सरावले होते. कौलांच्या खाली, छपराच्या अगदी मधोमध, जुन्या सागाचं आढं या भिंतीपासून निघून वाटणीच्या भिंतीवरून सरळ पलीकडे गेलेलं होतं. कुठे जोड नव्हता. वाटणीची भिंत जमिनीवरून उठून त्या लाकडाच्या पोटाला जाऊन टेकत होती, बस. सासूनं खाली भिंत घातली होती. वरचं लाकूड तिनं तोडलं नव्हतं.

बाहेर हालचाल थांबली होती. रमाकांत दारात आला, चुन्यानं माखलेले हात पुढे धरून, आणि पद्मजाला त्याच्या तोंडावरूनच कळलं. रेघ रुख्मिणीबाईंच्या पुढच्या खोलीतून आली होती आणि वाटणीच्या भिंतीच्या हातभर अलीकडून परत फिरली होती. त्यानं दोनदा मोजून पाहिलं होतं.

सत्यभामाबाई त्याच्या मागेच होत्या, हातात ताकाचा लोटा. "जराकसं बी नाई?" त्यांनी विचारलं.

"नाही, आजी."

त्या उंबऱ्यावर बसल्या. लोटा हातातच राहिला. आत रुख्मिणीबाईंनी चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलं.

रमाकांत पद्मजाला अंगणात बाजूला घेऊन गेला. हातभराचाच प्रश्न आहे, तो हळू आवाजात म्हणाला. एक चौकोन रंगवायचा. कोण येतंय इथवर पाहायला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

पद्मजालाही मोह झाला, नाही असं नाही. निळी पेन्सिल पर्समधेच होती. पण आज इथे हातभर ढकलली तर उद्या दुसरा कोणी दुसरीकडे ढकलेल, आणि मग गावभर टाकलेल्या त्या चुन्याला काय अर्थ राहिला?

"रेघ खरी आहे, तिला हात नको लावायला," ती म्हणाली. "आपण घर खोटं काढलंय."

तिनं त्याला आत नेलं आणि वर दाखवलं. रमाकांत मान मागे टाकून बघत राहिला. मग बाहेर जाऊन सत्यभामाबाईंच्या दारातून आत शिरला, आणि तिकडूनही तेच लाकूड पाहून आला. पाणी रुख्मिणीबाईंकडच्या या खालच्या भिंतीच्या पायात बसलं की मातीची भिंत एक पावसाळा धरणार नाही. ती बसली की आढं बसणार. आणि आढं बसलं की पलीकडचं कोरडं घर कशावर उभं राहणार?

सत्यभामाबाई उंबऱ्यावरून दोघांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. पद्मजा त्यांच्यापाशी जाऊन बसली. "आजी, तुम्ही म्हणालात एका छपराखाली तुमचं जमणार नाही."

"नाईच जमत."

"इतकी वर्षं एकाच छपराखाली आहात."

म्हातारीनं वर पाहिलं. नजर लाकडाच्या टोकापर्यंत नेली. मग आतल्या बाजूला तोंड करून, अगदी चिडल्यासारखी म्हणाली, "ऐकलं का व रुख्मे? अन् तू मले सांगितलं बी नाई."

"मले कुठं दिसते, बाई?" आतून उत्तर आलं.

वामनरावसाहेबांना पटवणं सोपं गेलं नाही. दोन दारं, दोन चुली, गावाच्या दप्तरी दोन नावं, मग एक घर कसं? पद्मजानं एक आडवं चित्र काढून नेलं होतं, जमिनीवरून नाही तर बाजूनं पाहिलेलं. उतार, चुन्याची पातळी, तीन भिंती आणि त्यांच्यावरून गेलेलं एक लाकूड. आपण जमिनीवरच्या भिंती पाहिल्या साहेब, तिनं सांगितलं, वर पाहिलंच नाही. यादीचा नियम असा, की घराचा काही भाग जरी बुडला तरी ते घर धरायचं. हे घर बुडतंय.

साहेबांनी रमाकांतला विचारलं, तुम्ही पाहिलंत का. पाहिलं, तो म्हणाला, आधी नव्हतं पाहिलं.

त्यांनी चित्र उलटसुलट केलं. "हे धरलं तर काठावरचं प्रत्येक घर असंच आत जाऊन बघावं लागेल. चौकोनांवर यादी नाही करता येणार."

"नाही येणार."

"उन्हाळा जाईल तुमचा."

"जाईल, साहेब."

त्यांनी टाक उचलला आणि सही केली. मग, मान वर न करताच, छत्री आहे का विचारलं.

उन्हाळा खरंच गेला. पद्मजा आणि रमाकांत वडझिरीच्या काठाकाठानं घरोघर फिरले. काही घरं नव्यानं यादीत आली. काही गळाली, आणि ते सगळ्यांनाच गोड लागलं नाही. उकंडराव नावाच्या एका माणसाला सडकेकाठी दुकान टाकायचं होतं. त्याचं घर मोजल्यावर कोरडं निघालं, आणि त्यानं पद्मजाला भरचौकात ऐकवलं की बाईमाणसाला कचेरीत घेतल्यावर दुसरं काय होणार. तिनं ते ऐकून घेतलं. त्याच्या घराची पातळी तिनं पुन्हा एकदा मोजायला लावली. पुन्हा कोरडंच आलं.

पुढे तिची बदली झाली, कचेऱ्या बदलल्या, फुटांचे मीटर झाले. तलावाचं क्षेत्र ती चौकोन रंगवूनच मोजत राहिली, त्याला दुसरा सोपा उपाय नव्हता. पण कापलेला चौकोन आला की हाताखालच्या नव्या मुलींना विचारायची, यात कोणी राहतं का. कोणी राहत नसेल तर अर्ध्याचा नियम लाव. राहत असेल तर पेन्सिल खाली ठेव. मुलींना ते जरा जास्तच वाटायचं.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी, मिरगाच्या आधी, नव्या गावठाणाची आखणी झाली. सपाट माळ. इथे वाकडं काहीच नव्हतं, दोरी ताणायची आणि चुन्यानं सरळ चौकोन पाडायचे, यादीतल्या एका नावाला एक. पद्मजा चुन्याचा डबा घेऊन फिरत होती. सत्यभामाबाईंची आणि रुख्मिणीबाईंची जागा शेजारीशेजारी आली होती. ते तिनं मुद्दाम केलं नव्हतं. यादीत घर एक आणि नावं दोन, म्हणून जागा दोन, पण त्या एकमेकींपासून लांब पडणारच नव्हत्या.

तिनं रुख्मिणीबाईंचा हात धरून त्यांना त्यांच्या चौकोनाच्या चारही बाजूंनी फिरवलं. म्हातारी अनवाणी चालली, पायानं चुना चाचपत, आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून मान हलवत राहिली. चौथ्या बाजूला सत्यभामाबाई उभ्या होत्या, दोघींच्या जागांमधल्या चुन्यावर.

"इथं भिंत येईन," त्यांनी सांगितलं. "माह्या जागेत घालून घेतो मी. तुही जागा तशीच बारकी हाय."

"बारकी कायले? सारख्याच हायेत. माह्या जागेत घाला, बाई. मले एवढ्याचं काय करायचं?"

"तुले दिसत नाई म्हनून. भिंतीनं जागा खाल्ली तं आपटशीन."

"अन् तुमाले दिसते म्हनून तुमी नाई आपटत? परवा घंगाळाले कोन आपटलं?"

पद्मजानं सांगायचा प्रयत्न केला की नियमानं भिंत अर्धी इकडे अर्धी तिकडे येते. दोघींनी एकदमच तिच्याकडे तोंड वळवलं, एकीनं नजरेनं आणि दुसरीनं नुसत्या कानानं.

"तू सरक पुढं, माय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "लोकं खोळंबले तिकडं. हे आमचं आमी पाहतो."

पद्मजानं डबा उचलला आणि पुढच्या जागेकडे गेली. कडूबा दोरीचं टोक धरून वाट पाहत होता. त्यानं दोरी ताणली, पद्मजा वाकली, श्वास धरला आणि चुना सोडायला लागली. मागे भिंतीचा वाद चालूच होता. आता तो भाजीतल्या गुळावर गेला होता.